चार्वाक कँटीनमध्ये

आमच्या एका तंत्रस्नेही मित्रांनी उन्हाळ्यात एका व्याख्यानात ठणकावून सांगितलं, की माणूस इमारतीत नेमका कुठे आहे हा आता वादाचा विषयच उरलेला नाही. वायफाय सांगेल ते मानायचं. टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो, कारण पुढच्या रांगेत संपादक होते. आता त्यांनीच पानं दिली आहेत, तेव्हा उधारी फेडतो.

उधारीला निमित्त माझ्या भाच्याचं. तो मीटिंगमध्ये होता, पण ऑफिसच्या रिपोर्टात तो 40 मिनिटं कँटीनमध्ये. दोन्हींच्या मध्ये जिप्समची एक भिंत. साहेबांनी प्रेमाने विचारलं, ‘‘वडा कसा होता?’’

स्लॅबखाली जीपीएसचं फारसं चालत नाही. उपग्रह 20 हजार किलोमीटरवर. त्याचा संदेश अंगणात पोचतानाच दमलेला असतो. म्हणून घरात वायफायचा आधार. 2000 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी ‘रडार’ नावाची पद्धत मांडली. एकाच मजल्यावर 70 जागी उभं राहायचं, दर जागी चारही दिशांना तोंड करायचं आणि 3 केंद्रांशी सिग्नल किती जोराचा लागतो ते टिपून ठेवायचं. पुढे येणारे आकडे या वहीशी ताडायचे. चूक साधारण 2 ते 3 मीटर. चार दिशा कशाला? माणूस म्हणजे पाण्याची घागर, आणि पाणी वायफायची लहर पिऊन टाकतं.

मी घरी करून पाहिलं. राउटर हॉलमध्ये, टीव्हीमागे. फोन ओट्यावर ठेवला. ॲपवर उणे 58. बायको कणीक मळायला मध्ये उभी राहिली, उणे 64. या मोजमापात 6 चा फरक म्हणजे शक्ती पाव झाली. तिने तांदळाचं पत्र्याचं पिंप सरकवलं, तर आणखी तिसरंच. फोन तसूभरही हलला नव्हता.

इथे मला माझा लाडका चार्वाक आठवतो. धूर दिसला की अग्नी आहे, हे नैयायिकांचं अनुमान. इथे आकडे हा धूर आणि जागा हा अग्नी. चार्वाक विचारतो: पाहिलेल्या धुरांचं ठीक, न पाहिलेल्यांचं काय? धूर तिथे अग्नी ही व्याप्ती तुम्ही कशाने सिद्ध केलीत? अनुमानानेच म्हणाल, तर त्या अनुमानाला पुन्हा व्याप्ती लागणार, आणि हे गुऱ्हाळ संपायचं नाही. नैयायिकांनाही अडचण ठाऊक होती. अग्नी असला म्हणजे धूर निघेलच असं नाही, सरपण ओलं लागतं. त्या अटीला ते उपाधी म्हणतात. आमचं तांदळाचं पिंप ही शुद्ध उपाधी आहे. ऑफिसात कपाट हललं, खुर्च्या भरल्या, की वहीतलं पान शिळं. व्याख्यात्यांना हे कुणी विचारलं नाही.

इथवर लिहून मी खूश होतो. भाच्याला वाचून दाखवलं. ‘‘मामा, तुम्ही 2000 सालातच अडकलात,’’ तो म्हणाला. आता जोर नाही, वेळ मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जाते. फोन आणि राउटर एकमेकांना संदेश देतात, जाण्यायेण्याचा वेळ मोजला की अंतर निघतं, आणि 3-4 राउटरांची अंतरं जुळवली की जागा. अँड्रॉइडमध्ये ही सोय 2018 पासून आहे, आणि तसे राउटर असले तर 1-2 मीटरपर्यंत जागा लागते. पिंपाने जोर घटतो, वेळ तितकासा बदलत नाही. लहर भिंतीवर आपटून वळसा घेऊन आली तर अंतर वाढतं खरं, पण त्यावरही उपाय निघत आहेत. म्हणजे चुकीच्या मीटरांवर उभा केलेला माझा चार्वाक दर चार-पाच वर्षांनी अंग चोरून बसणार.

नैयायिक उदयनाचार्यांनी त्याला हजारएक वर्षांपूर्वीच गाठलं होतं. दिसत नाही ते नाहीच असं मानतोस, तर घराबाहेर पडल्यावर बायकोमुलं दिसेनाशी होताच ऊर बडवून रडत बस, असा ‘न्यायकुसुमांजली’तला त्यांचा टोला. आणि वर हे, की शंका आपल्याच वागण्याच्या आड आली की थांबते. धूर हवा असला की तूही विस्तवच शोधतोस. याला माझ्याकडे उत्तर नाही. 2016 साली लंडनच्या भुयारी रेल्वेने 54 स्थानकांवर चार आठवडे प्रवाशांच्या फोनचे वायफाय संदेश टिपले, तेव्हा किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला लोक किमान 18 वेगवेगळ्या वाटांनी जातात हे कळलं. तिथे एखाद्याचे चार मीटर इकडेतिकडे झाल्याने कुणाचं बिघडलं नाही. अनुमानाने काम भागलं.

पण उदयनांच्या उत्तरात शंका घेणारा आणि विस्तवाकडे जाणारा माणूस एकच आहे. अनुमान चुकलं तर हात त्याचाच भाजतो. भाच्याच्या ऑफिसात अनुमान साहेबांचं आणि हात भाच्याचा. साहेबांनी शंका थांबवावी कशासाठी, आणि घ्यावी तरी कशासाठी? त्यांचं काहीच जळत नाही. म्हणून मीटरांचं भांडण मी मागे घेतो. उद्या अचूकता 10 सेंटिमीटरवर आली तरी माझी तक्रार राहील, आणि ती चार्वाकाची नव्हे, नैयायिकांचीच आहे. त्यांच्या वादात दुसऱ्याला पटवायचं तर पाच अवयव मांडावे लागत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. भाच्याने विचारलं, कोणत्या राउटरने मला ऐकलं, किती वाजता, वही शेवटची कधी ताडली? उत्तर आलं, ‘‘सिस्टीम दाखवतंय.’’ थेट निगमन, मागे चार अवयव गायब. नैयायिकांच्या मिथिलेत असा पक्ष मांडणाऱ्याला सभेतून उठवलं असतं. आपण त्याला व्याख्यानाला बोलावतो.

शिवाय ते निगमनही फोनचं, माणसाचं नाही. भाचा हल्ली फोन मीटिंगच्या खोलीत चार्जिंगला लावतो आणि भिंतीपलीकडे जाऊन बसतो. रिपोर्ट स्वच्छ आहे. वडा, म्हणे, बरा असतो. चटणी जरा पातळ.