शुश्रूषा आणि ज्ञापकत्व : ऐकण्याच्या नैतिकतेविषयी

'शुश्रूषा' हा शब्द रुग्णसेवेच्या अर्थाने मराठीत इतका रूढ झाला आहे की त्याचा मूळ अर्थ सहसा कोणाला आठवत नाही. संस्कृत 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला असून 'ऐकण्याची इच्छा' हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ आहे. ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करतो, या वाटेने तो सेवेकडे आणि पुढे रुग्णसेवेकडे आला. व्युत्पत्ती म्हणजे युक्तिवाद नव्हे, हे खरेच. तरीही परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील संवादाचा विचार करताना हा हरवलेला अर्थ एक प्रश्न उभा करतो : ऐकणे हे सेवेला जोडलेले सौजन्य आहे, की त्यावाचून सेवा सिद्धच होत नाही?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे गुण अपेक्षित आहेत. रोग्याच्या ठायी स्मृती, आज्ञापालन आणि निर्भयता यांच्या जोडीला 'ज्ञापकत्व' अपेक्षित आहे. म्हणजे आपली व्यथा सांगता येणे. सांगण्याची जबाबदारी अशी रोग्याच्या पदरात पडते. ऐकणे हा उपस्थात्याचा स्वतंत्र गुण म्हणून गणला जात नाही. आधुनिक रुग्णालयही बहुतांशी याच गृहीतकावर चालते. ज्याला 'नीट सांगता येत नाही' तो रुग्ण अडाणी ठरतो आणि संवाद फसल्याचा दोष त्याच्याच माथी येतो.

हे गृहीतक भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत तपासून पाहण्याजोगे आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे असा हा राजगड-तोरण्याच्या आसपासचा मुलूख. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत या धरणांच्या जलाशयांनी त्यातील कित्येक वाटा लांबवल्या आहेत. डोंगरी भागात ३००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र हा शासकीय निकष आहे. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांच्या प्रदेशात त्याचा अर्थ आरोग्यसेविकेची मोठी पायपीट असाच होतो. तिच्यासमोर येणारी बाई पुष्कळदा दोनचार शब्दांपलीकडे बोलत नाही. मात्र गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने याच मावळी पट्ट्यातील खेड्यांसह महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या आहेत. बाळंतपण, आजारपण, सासुरवास, मरण यांतले काहीही त्या ओव्यांना वर्ज्य नाही. तेव्हा या स्त्रियांना व्यथा सांगण्याची भाषा नाही, असे म्हणता येत नाही. जात्यापाशी जी बोलकी आहे ती दवाखान्याच्या बाकावर मुकी होते, एवढेच म्हणता येते.

हे मौन किती महाग पडू शकते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडून मिळतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक ना एक स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अंतर, पैसा, स्त्री डॉक्टरांचा अभाव ही कारणे त्यामागे असतीलच. परंतु विचारल्यावाचून न सांगितले जाणारे दुखणे हेही त्यांतले एक कारण मानावे लागते.

यावरून ज्ञापकत्वाची निराळी मांडणी करावी लागते. ज्ञापकत्व हा रोग्याच्या अंगचा स्थिर गुण नसून ऐकणाऱ्याच्या सान्निध्यात घडणारी गोष्ट आहे. ओवीला समोरची जोडीदारीण असते, माय असते. कोणी नसले तरी जाते असते. केसपेपरला मात्र रकाना असतो. एखादी बाई 'अंगावरून जातंय' म्हणते तेव्हा तो रक्तस्राव आहे की पांढरे पाणी, हे त्या शब्दांतून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी पुन्हा विचारावे लागते, गर्दीपासून बाजूला नेऊन विचारावे लागते. तसे न करता 'अशक्तपणा' असे लिहिले गेले, तर जे हरवते ते केवळ शैलीचे अंग नसते, निदानच हरवते.

परिचर्याशास्त्राने हे ओळखले आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका-रुग्ण संबंध हाच परिचर्येचा गाभा मानला. पुढे 'उपचारात्मक संवाद' म्हणून मोकळे प्रश्न विचारणे, रुग्णाचेच म्हणणे त्याच्यापुढे पुन्हा मांडणे, मौन पाळणे अशी तंत्रे शिकवली जाऊ लागली. येथे एक रास्त आक्षेप उद्भवतो : आपुलकी जर तंत्र म्हणून शिकवली, तर ती आपुलकी राहते काय? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या पुस्तकात रुग्णाला पोकळ आशा दाखवणाऱ्या बडबडीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, ते याच संदर्भात महत्त्वाचे ठरते. 'काही नाही, होईल बरं' हे वाक्य प्रेमळ असू शकते. परंतु ते रुग्णाचे बोलणे संपवते. संवाद खरा की खोटा, याची कसोटी म्हणूनच बोलणाऱ्याच्या मनातील भावनेत शोधू नये. त्या बोलण्याने रुग्णाला पुढे बोलायला जागा उरली की नाही, एवढेच पाहावे. या कसोटीवर शिकलेले तंत्रही प्रामाणिक ठरू शकते आणि उत्स्फूर्त मायाही उणी पडू शकते.

मराठीतील संबोधने हेच सुचवतात. प्रसूतिकक्षातील 'अगं' ही मायेची हाक असू शकते, तशीच अधिकाराची जरबही. 'आजी' म्हणताना नाते जोडले जाते, आणि त्याच नात्याच्या हक्काने दटावलेही जाते. एकेरीत अनादर नसतो आणि आदरार्थी बहुवचनात आदर असतोच असे नाही. ध्वनी प्रसंगातून उमटतो.

मात्र ही सारी जबाबदारी एकट्या परिचारिकेवर टाकणे हा दुसरा अन्याय होईल. रांग, नोंदवह्या, उद्दिष्टे आणि वरिष्ठांचा धाक यांत वावरणाऱ्या स्त्रीकडे ऐकण्याची सक्ती करावयाची आणि ऐकण्याला वेळ द्यावयाचा नाही, हा दुटप्पीपणा आहे. तिचे म्हणणेही कोठे नोंदले जात नाही. जिचे कोणी ऐकत नाही तिने सर्वांचे ऐकावे, अशी अपेक्षा व्यवस्थेला करता येते. तिला नीती म्हणता येत नाही.

मराठीत 'विचारपूस' असा एक जोडशब्द आहे. विचारणे आणि पुसणे हे दोन्ही प्रश्नार्थकच, म्हणून वरवर पाहता तो द्विरुक्तीचा वाटतो. पण पहिल्या प्रश्नाला रुग्ण रकान्यापुरते उत्तर देतो. व्यथा दुसऱ्यांदा पुसल्यावर बाहेर येते. तो दुसरा प्रश्न विचारण्याइतकी उसंत उपकेंद्रात कोणाला आहे, यावर तेथील सेवेला शुश्रूषा म्हणावयाचे की नाही, हे ठरेल.