अडीच इंच

संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, साकूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर दोन भाऊ राहत होते. मुळेच्या अंगाला थोडी बागायत, बाकी सगळा माळ. दरसाल टोमॅटो करायचे आणि स्वतःच्याच पिकअपमधून घारगाव, बोटा, आळेफाटा करत नारायणगावच्या बाजारात न्यायचे. गाडी कर्जाची. हप्ता थोरल्याच्या नावावर, स्टेअरिंग धाकट्याच्या हातात.

वस्तीवरून डांबरीवर यायला एक ओढा ओलांडावा लागे. त्याच्या उतरणीत मधोमध खडकाचं एक टोक वर आलेलं. भरली गाडी तिथून उतरली की चेसीचा मागचा भाग त्या टोकाला घासायचा आणि थोरल्याच्या काळजात धस्स व्हायचं. शेवटी दोघांनी गाडी एका पाटेवाल्याकडे नेली. त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले, लांब शॅकल घातले आणि संध्याकाळपर्यंत गाडी मागून अडीच इंच उचलून दिली.

खडक घासायचा थांबला. गाडीला रुबाबही आला. वस्तीवरची पोरं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढू लागली.

इथवर भावांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. अडचण खरी होती आणि तिच्यावरचा इलाज डोळ्यांसमोर होता. पण पाटेवाल्याने पाट्याचं काम केलं, शॉकअपला हात लावला नाही, आणि या दोघांनीही विचारलं नाही. उंच गाडीखाली जुनेच शॉकअप ताणून बसले.

महिनाभरात बाजारात बोलणी बसायला लागली. तिथला व्यापारी वरचं कॅरेट बघून भाव करत नाही. तो खालच्या थरातलं कॅरेट ओढतो, हात आत घालतो आणि तळाचं फळ बाहेर काढतो. भावांच्या मालातलं तळाचं फळ देठापाशी चिरलेलं, कडेला मऊ पडलेलं निघायचं. "माल डागी आहे," एवढं बोलून तो पुढच्या गाडीकडे वळायचा. फळ शेतातून निघताना टणक असे, हे थोरल्याला ठाऊक होतं. रिकामी गाडी परत येताना खड्ड्याखड्ड्यातून अशी उडायची की धाकट्याचं डोकं टपाला लागे. मग एके दिवशी डाव्या शॉकअपचा खालचा बुश फाटला आणि उजव्यातून तेल पाझरायला लागलं.

शॉकअप बदलायचे यावर दोघांचं एकमत झालं. कोणते घ्यायचे यावर मात्र घरात वाद पेटला. धाकट्याने मोबाइलवर डोंगरात फिरणाऱ्या जीप पाहिल्या होत्या. त्यांच्याखाली असतात तसले जाडजूड, पिवळ्याधमक रंगाचे गॅसचे शॉकअप त्याला हवे होते. "दादा, सगळ्यात भारी तेच." थोरल्याचं म्हणणं, तालुक्याच्या दुकानात सगळ्यात स्वस्त जोडी मिळेल ती आणायची, एवीतेवी वर्षाने बदलायचीच आहे. शेजारच्या वस्तीवरच्या मामांनी तिसरीच वाट दाखवली: एका चाकाला दोन-दोन लावा, मग काय बिशाद आहे उडायची! एक भारीवर अडला, एक स्वस्तावर, एक संख्येवर. गाडीखाली वाकून पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आई म्हणाली, "तुमच्या आण्णांची जीप ज्या चाचांकडे जायची, त्यांना विचारून या."

दोघं चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेरात गेले. चाचा आता फारसे गाडीखाली शिरत नसत. खुर्ची टाकून बसायचे आणि पोरांकडून काम करून घ्यायचे. भावांनी सगळं सांगितलं. चाचा उठले आणि मागच्या चाकाशी वाकून त्यांनी हाताची पालथी बाजू आधी डाव्या, मग उजव्या शॉकअपला लावली.

"घाटातून आलात ना? हात लाव."

धाकट्याने हात लावला. डावा कोमट होता, उजवा गार.

"शॉकअप काम करतो तेव्हा तापतो. आतलं तेल बारीक भोकांतून दाबून जातं, त्यात गाडीची उसळी जिरते आणि तिची ऊब होते. उजवा गार म्हणजे त्याने सगळ्या रस्त्याभर काहीच केलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "माल किती भरता?"

"सत्तर कॅरेट. वीस-वीस किलोची," थोरला म्हणाला.

"म्हणजे कॅरेटच्या वजनासकट दीड टन. आणि येताना?"

"येताना रिकामीच."

"कच्चा रस्ता किती, डांबरी किती?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रोजची वाट, पण असा हिशोब कधी मांडला नव्हता.

"ओझं कोण उचलतं, पाटा का शॉकअप?"

"शॉकअप," धाकटा चटकन म्हणाला.

"चूक. ओझं पाट्यावर असतं. पाळण्याला झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो, आणि आई हाताने धरून त्याला थांबवते. शॉकअप म्हणजे तो हात. पाळण्याचं वजन दोरीवरच असतं, बेटा."

मामांचा दोन-दोन शॉकअपचा सल्ला ऐकून चाचा हसले नाहीत, तो त्यांनी नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, "नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, कधी गेलात तर बघा. टी-55 म्हणून रणगाडा असतो, 36 टनांचा. एका बाजूला पाच चाकं. उसळी पेलणारे दांडे पाचही चाकांना, पण शॉकअप फक्त पहिल्या आणि शेवटच्या चाकाला. कारण रणगाडा डोलतो तो टोकांना. ज्यांनी बनवला, त्यांनी तो कुठे डोलतो हे आधी पाहिलं."

त्यांनी पोराला हाक मारून फूटपट्टी मागवली आणि ती धाकट्याच्या हातात दिली. गाडी सपाट जागी रिकामी उभी होती. वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंत शॉकअपची लांबी भरली 21 इंच. मग डावा शॉकअप सोडवून चेसीला जॅक लावला आणि गाडी इतकी उचलली की चाक अधांतरी लोंबलं. त्याच दोन बोल्टांमधलं अंतर झालं 24. शेवटी चेसीखालचा रबराचा ठोकळा आणि ॲक्सल यांच्यातली फट मोजली. गाडी उभी असताना ती साडेसहा इंच होती. म्हणजे मोठ्या खड्ड्यात पाटा पुरता दबून ॲक्सल रबराला टेकला, की शॉकअपला साडेचौदा इंचांत मावावं लागणार.

जुना शॉकअप हाताने पूर्ण ओढून पाहिला, तर तो 22 इंचांवर संपला.

"म्हणजे रिकाम्या गाडीत याला सुटायला एकच इंच उरला होता," थोरला सावकाश म्हणाला. "चाक खड्ड्यात पडलं की ते शॉकअपलाच लटकायचं."

"म्हणून बुश फाटला. आणि आतून दांडा ठोकर खायचा, ती ठोकर सगळ्या हौद्याला बसायची. आता तुझा पिवळा बघू."

धाकट्याने मोबाइलवर त्याची मापं काढली. पूर्ण सुटला की 26 इंच, पूर्ण मिटला की 16. त्याने आकड्यांकडे पाहिलं, मग हातातल्या फूटपट्टीकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "रबर टेकायच्या आधी हाच टेकेल."

"दीड टनासकट टेकेल. दांडा तरी वाकेल, नाहीतर वरचा ब्रॅकेट उपटेल. वस्तू वाईट नाही. लांबच्या खडबडीत वाटेवर साध्या तेलाला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजनच्या दाबाखालच्या तेलाला तसा फेस येत नाही. ज्याची गाडी दिवसभर दगडाधोंड्यांतून पळते त्याने जरूर घ्यावा. तुझी कच्ची वाट वस्तीपासून डांबरीपर्यंतची. बेटा, आधी आपलं ओझं मोज, मग आपली वाट मोज, आणि मग दुकानात जा. दुकानदाराला तुझी गाडी माहीत नसते, त्याला त्याच्या फळीवरचा माल माहीत असतो."

थोरल्याने विचारलं, "मग 24 ला पुरणारा आणि साडेचौदात मावणारा कोणता घेऊ?"

"इतका लांब सुटणारा आणि इतका आखूड मिटणारा मिळणं अवघड. मिटल्यावरही दांड्याला आणि दट्ट्याला आत जागा लागतेच. रबराखाली ठोकळा लावून मेळ घालता येईल, पण मग भरल्या गाडीला दबायला जागाच उरणार नाही, ती रबरावर आपटत जाईल." चाचा थोडं थांबले. "तुम्ही शॉकअप शोधताय. मला विचाराल तर अडीच इंच उचललेत तिथंच गाठ पडली आहे. दीड टनासाठी कंपनीचे पाटे पुरेसे होते. चार पाटे जास्तीचे घातलेत, म्हणून रिकामी गाडी दगडासारखी ताठ झाली. आणि पासिंगला गेलात तर मोटार वाहन अधिनियमाचं कलम 52 आहे. कंपनीने दिलेली गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. इन्स्पेक्टरने बोट ठेवलं तर काय सांगाल?"

उंच गाडी पुन्हा खाली आणायची म्हटल्यावर धाकट्याचा चेहरा उतरला. गाडीपुढे फोटो काढणारी पोरं त्याला आठवली असावीत. पण चिरलेलं तळाचं फळही त्याने रोज पाहिलं होतं.

त्याच दिवशी चाचांच्या पोरांनी लांब शॅकल काढून मूळचे बसवले आणि दोन्ही बाजूंचा एकेक पाटा कमी केला. गाडी मूळ उंचीपेक्षा इंचभरच वर राहिली. लोंबत्या चाकाचं माप साडेबावीसवर आलं. रबराचं माप अर्थातच तेच राहिलं. 23 इंच सुटणारा आणि 14 इंचांत मिटणारा शॉकअप चाचांनी दोन दुकानांत फोन करून शोधला. साधा, तेलाचा, त्याच वजनाच्या मालगाडीसाठी बनवलेला. थोरल्याच्या स्वस्त जोडीपेक्षा महाग आणि धाकट्याच्या पिवळ्या जोडीपेक्षा पुष्कळ स्वस्त. बसवताना चाचांनी एक गोष्ट बजावून करून घेतली: बुशचे बोल्ट चाक लोंबत असताना आवळायचे नाहीत, गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पंधरा दिवसांनी बोल्ट पुन्हा तपासायला या, असंही सांगितलं.

परतताना घाटात गाडी शांत चढली. धाकटा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, आता खडक पुन्हा घासेल."

"घासेल."

"एका टोकापायी आपण सगळी गाडी उचलली."

पिवळ्या जोडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले बरेच उरले होते. त्याच आठवड्यात दोघांनी ब्रेकर लावलेला जेसीबी बोलावला. तासाभरात खडकाचं टोक फुटलं. वर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून उतरण सारखी केली. मामांनी आपला ट्रॅक्टर दिला आणि मुरूम दाबून दिला, कारण वाट त्यांचीही होती. आता ओढ्यातून पिकअपच काय, वस्तीवरच्या पोरांच्या सायकलीही न उतरता जातात.

पुढच्या पासिंगच्या आधी राहिलेले दोन पाटेही काढून टाकायचं थोरल्याने ठरवलं आहे. शॉकअप तेच चालतील. चाचांनी मापं धरतानाच तेवढी जागा ठेवली होती.