पाणी आणि पानी

"म्हणजे आता अक्षरं सोडून माणसांवर काम करणार?" सरांनी विचारलं. बोरूचं टोक तासणं मात्र चालूच होतं.

जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकत असताना अक्षरलेखनाचा कित्ता मी सरांच्याच हाताखाली गिरवला. त्यानंतर बावीस वर्षं पॅकेजिंग आणि मुखपृष्ठं केली, शेवटची काही वर्षं आर्ट डायरेक्टर होते. आणि आता लोकांना बोलायला शिकवायचं म्हणतेय. मुलाखतीत, सभेत, क्लायंटसमोर. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता आणि सरांच्या डोंबिवलीच्या घरी येऊन बसले होते.

"माझ्या टीममध्ये अकोल्याकडचा एक मुलगा आहे," मी म्हणाले. "त्याच्या कामावर मला कधी पेन्सिल फिरवावी लागली नाही. पण क्लायंटसमोर उभा राहिला की आवाज घशातच अडकायचा. तीनदा त्याचं काम परत आलं. चौथ्यांदा तेच डिझाइन मी मांडलं, दहा मिनिटांत मंजूर. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, सर."

"मग?"

"मग रोज संध्याकाळी आम्ही रिकाम्या मीटिंग रूममध्ये बसू लागलो. पहिलं वाक्य कोणतं, कुठं थांबायचं, कुणाकडे बघायचं. थांबायचं कसं ते त्याला एका दिवसात कळलं. मी म्हटलं, मजकुराभोवती जागा सोडतोस ना, तशी वाक्याभोवतीही सोड. सहा महिन्यांनी तो स्वतःचं काम स्वतः मांडायला लागला. माझं कुठलंही मुखपृष्ठ छापून हातात आल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता."

"छान झालं की. अडलंय कुठं?"

"पाण्यात. तो 'पानी' म्हणायचा. मी दर वेळी 'पाणी' म्हणून दुरुस्त करत गेले. परवा घरी फोनवर बोलताना त्याच्या तोंडून 'पाणी' गेलं, तर आई म्हणाली, लयच मोठा झाला रे बापा. तो हे हसत सांगत होता. मला रात्रभर झोप आली नाही."

सरांनी बोरू शाईत बुडवला आणि कागदावर दोन 'ल' काढले, एक पाकळीचा, एक दंडाचा.

"2009मध्ये शासन निर्णय निघाला आणि मराठीसाठी हा पाकळीचा पक्का झाला. मला पटलं ते, आपलं वळण आहे. संगणकाला 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींनी दिला, तेही करायलाच हवं होतं. यंत्राला एक साचा लागतो. पण यातल्या कुठल्याच 'ल'ला घरी फोन करावा लागत नाही."

"तेच म्हणतेय मी. अक्षरांमधलं अंतर कमी केलं तर अक्षर कुणापासून दुरावत नाही. पण दुसरी बाजूही आहे. समोरचा माणूस 'पानी' ऐकतो आणि कामाकडे बघायचंच सोडून देतो. मग काय, बोलीचा मान राखायचा म्हणून मी त्याला हरू द्यायचं? तत्त्व माझं आणि नुकसान त्याचं?"

सर बराच वेळ बोलले नाहीत. खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती, आणि ती कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ पोचत होती.

"कमल शेडगे नाटकांची नावं लिहायचे," ते म्हणाले. "नाटक बदललं की अक्षराचं वळण बदलायचं. पण नाव वाचता यायचं. आता सांग, 'पानी' कुणाला कळलं नाही?"

"सगळ्यांना कळलं."

"त्याचा आवाज घशात अडकत होता, तेव्हा मात्र काहीच कळत नव्हतं. तो तू मोकळा केलास, ते अक्षर वाचनीय करणं झालं. 'पाणी' केलंस तेव्हा टाइपफेस बदललास. वऱ्हाडीत 'ण'च्या जागी 'न' येतो, तो त्या बोलीचा नियम आहे."

"पण क्लायंट टाइपफेससुद्धा बघतो, सर. बघतोच."

"बघतो. म्हणून तो बदलायचा की नाही, हे ठरवायचं कुणी? त्याला विचारलं होतंस?"

"तेव्हा नाही विचारलं. काल विचारलं." हे सांगायलाच खरं तर मी आले होते. "तो म्हणाला, मॅडम, 'पाणी' मलाही शिकायचंच होतं. पण मी 'पानी' म्हटलं की तुमचा चेहरा बदलायचा. ते नको होतं."

सरांनी बोरू खाली ठेवला.

बावीस वर्षं मी चेहऱ्यानंच काम केलं आहे. ले-आउट समोर आला की कपाळाला आठी पडायची आणि मुलं निमूट रंग बदलायची. त्या आठीला मी माझी नजर समजत आले. ती कुणाच्या आईपर्यंत पोचते, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"राजीनामा देणार?"

"देणार. हे काम मला मनापासून करायचंय."

"मग पहिल्या दिवशी समोरच्याला काय विचारशील?"

"तुझ्या बोलण्यातलं काय तसंच राहू द्यायचं, ते आधी सांग."

"आणि ते त्याला सांगता आलं नाही तर? अडकलेल्याला बऱ्याचदा सांगता येत नाही."

मला उत्तर सुचलं नाही. सरांनी तो दोन 'ल'चा कागद फुंकर घालून माझ्यापुढे सरकवला. घडी घालू नकोस, म्हणाले, शाई अजून ओली आहे.