कृपा आणि जबाबदारी

मनुष्याच्या हातून सत्कृत्य घडलें तर त्याचें श्रेय कोणाचें? करणाऱ्याचें, कीं ज्यानें त्यास सद्बुद्धि दिली त्या परमेश्वराचें? आणि श्रेय जर सर्वस्वीं देवाचें, तर दुष्कृत्याचा दोष तेवढा मनुष्याच्या माथीं कां मारावयाचा? हा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नव्हे. वानराचें पिलूं आईस स्वतः बिलगतें आणि मांजराचें पिलूं आईच्या तोंडांत निश्चिंत लोंबतें, ह्या दोन दृष्टांतांनीं दक्षिणेंतील श्रीवैष्णवांचे दोन पक्ष ओळखले जातात, हें आमच्या वाचकांस ठाऊकच असेल. ख्रिस्ती धर्मांत ह्याच प्रश्नावर पांचव्या शतकांत जो वाद माजला त्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. कारण आपल्या नित्याच्या वर्तनास लागू पडेल असें पुष्कळ त्यांत आहे.

पेलेजियस हा ब्रिटनमधून रोम येथें आलेला तपस्वी पुरुष. तेथील ख्रिस्ती लोकांचा शिथिल आचार पाहून त्यास उद्वेग वाटे. आम्ही पडलों दुर्बळ, आमच्यानें काय होणार, ही सबब त्यास मुळींच मान्य नव्हती. देवानें आज्ञा केली त्या अर्थीं ती पाळण्याचें सामर्थ्यही त्यानें दिलेंच असलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. उलट, हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) ह्यानें आपल्या आत्मनिवेदनांत, आज्ञा पाळण्याचें बळही देवानेंच द्यावें अशी प्रार्थना केली होती. ती रोममध्यें कोणीं वाचून दाखविली तेव्हां पेलेजियसला ती सहन झाली नाहीं. परंतु चांगलें काय हें कळत असूनही तें आपल्या हातून होत नाहीं, हा अनुभव ऑगस्टिननें तारुण्यांत वर्षानुवर्षें घेतला होता. मनुष्य हा आळशी विद्यार्थी नसून रोगी आहे. त्यास केवळ उपदेश पुरत नाहीं, वैद्य लागतो, असें तो मानी. ४१८ मध्यें कार्थेजच्या धर्मसभेनें पेलेजियसचें मत त्याज्य ठरविलें.

पण ऑगस्टिनच्या मताची कसोटी पुढेंच लागावयाची होती. आजच्या ट्युनिशियांतील सूस शहराच्या जागीं तेव्हां हाद्रुमेटम नांवाचें नगर होतें. तेथील मठांत ४२६ च्या सुमारास ऑगस्टिनचें एक जुनें पत्र पोंचलें आणि साधूंमध्यें खळबळ उडाली. सर्व कांहीं कृपेनेंच होत असेल तर आम्ही चुकल्यावर गुरूनें आम्हांस रागें कां भरावें? काय करावें तें सांगावें आणि आमच्यासाठीं प्रार्थना करावी, म्हणजे झालें! सत्तरी ओलांडलेल्या ऑगस्टिननें ह्यावर लागोपाठ दोन ग्रंथ लिहिले. त्याच्या उत्तराचा इत्यर्थ असा कीं, कानउघाडणी नको वाटते हेंच ती आवश्यक असल्याचें लक्षण होय. दोष ज्याचा त्याचाच आहे. आणि ज्या कृपेच्या नांवावर तुम्ही ती टाळूं पाहतां, ती कृपा त्या कठोर शब्दांतूनही कार्य करूं शकते.

ह्या विचारांतील अवघड जागा झांकण्याचें कारण नाहीं. कृपा एकावर व्हावी आणि दुसऱ्यावर होऊं नये, हें कोडें ऑगस्टिन देवाच्या अगम्य न्यायावर सोंपवितो. ५२९ मध्यें ऑरेंज येथें भरलेल्या धर्मसभेनें कृपेची आवश्यकता मान्य केली. परंतु कांहीं माणसें देवानेंच पापासाठीं नेमून ठेविलीं आहेत, हें मत तिनें धिक्कारिलें.

आमच्या मतें, अशीं वचनें कोण कोणाविषयीं उच्चारतो ह्यास फार महत्त्व आहे. ‘सर्व कांहीं देवाच्या हातीं’ हें मनुष्य आपल्या यशाविषयीं म्हणेल तर ती नम्रता. शेजाऱ्याच्या उपासमारीविषयीं म्हणेल तर ती निष्ठुरता. ‘ज्याचा तो जबाबदार’ हें स्वतःच्या अपराधाविषयीं म्हटलें तर प्रामाणिकपणा; पतिताविषयीं म्हटलें तर बहुधा अहंकार. व्यवहारांत आपण नेमकें उलट करतों. कृपा आपल्या दोषांस लावतों आणि जबाबदारी दुसऱ्याच्या. मग दुसऱ्यास दोष देऊंच नये काय? अवश्य द्यावा, मात्र आपण ज्या जागीं उभे आहों ती एकट्याच्या बळावर मिळविलेली नाहीं, हें स्मरून द्यावा.

पंडिता रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला; पण ख्रिस्ताची खरी ओळख आपणांस त्यानंतर कांहीं वर्षांनीं झाली, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. कृपेवर सर्व भार टाकणाऱ्या ह्या बाई हात जोडून बसल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं निराधार मुली व स्त्रिया आणिल्या आणि केडगांव येथें त्यांस आसरा दिला. बायबलाचें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर करण्याचें काम त्यांनीं आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, चालविलें. कृपेनें मनुष्य निष्क्रिय होतो, ह्या आक्षेपास ह्याहून बोलकें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

जबाबदारी ह्या शब्दांतच जबाब आहे, आणि जबाब देण्यास आधीं कोणीं तरी हांक मारावी लागते. ती हांक म्हणजे कृपा, असें ख्रिस्ती धर्म सांगतो. हांक मारणें आपल्या हातीं नाहीं. ओ देणें आहे. तें ओ देण्याचें बळ कोठून येतें, ह्याचा निर्णय पंडितांनीं खुशाल करावा. पण तो होईपर्यंत ओ देण्याचें लांबणीवर टाकण्यास कोणासही मोकळीक नाहीं.