आपला तो बाब्या, आपला तो डॅक

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला मागच्या वर्षी मी म्हणालो, "या डॅकवर तंबोरा कसा उघडतो बघ. फोनवर ऐकलेलं सगळं विसरशील." तो सेकंड इयरला आहे, शाळकरी पोरांच्या शिकवण्या घेतो. त्यातून साठवलेले सहा हजार देऊन माझ्या हातचा एक डॅक घ्यायची त्याची तयारी होती. मी बोललो ते मला मनापासून खरं वाटत होतं. मग मी त्याच्याशी खोटं बोललो का?

आधी डॅक म्हणजे काय ते सांगतो. गाणं फोनमध्ये आवाज म्हणून नसतं, आकडे म्हणून असतं. १९८२ साली सीडी आली तेव्हापासूनचा हिशेब असा: सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्यातरी एका पायरीवर. या आकड्यांची पुन्हा विजेची लाट करणारं यंत्र म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. तो तुमच्या फोनमध्ये आहे, ब्लूटूथ इअरबडमध्ये आहे, टाइप-सीच्या छोट्या डोंगलमध्येही आहे. अनेकांना वाटतं, आकड्यांमधून येणारा आवाज जिन्यासारखा तुटक असणार. तसं नसतं. क्लॉड शॅननने १९४९ साली सिद्धता मांडली, की लाटेतल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजमाप घेतलं, तर दोन आकड्यांमधली लाटही पूर्ण परत मिळते. माणसाचा कान जेमतेम वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून ४४,१००.

मग घरी डॅक बांधायचा कशाला? मला तो आकड्यांचा आवाज होताना हाताने करून बघायचा होता. तयार चिप न वापरता मी रेझिस्टरची शिडी बांधायचं ठरवलं. यात प्रत्येक बिटचा प्रवाह पुढच्या पायरीला अर्धा होत जातो. कागदावर हे शाळकरी वाटतं. प्रत्यक्षात १६ बिटच्या शिडीत सर्वांत मोठ्या बिटचं वजन ३२,७६८ असतं. ते हजारात एकाने जरी चुकलं, तरी चूक बत्तीस-तेहतीस पायऱ्यांची होते, म्हणजे तळाचे पाच बिट पाण्यात. त्यामुळे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एकाच किमतीचे पाचशे रेझिस्टर आणले आणि रात्री-रात्री मल्टिमीटरवर एकेक मोजून त्यांच्या जोड्या लावल्या. डाव्या-उजव्या बाजूला मिळून शंभरेक लागले. सोल्डरिंगच्या धुराने डोळे चुरचुरायचे. चार महिन्यांनी पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेजारी ठेवलेलं हजार रुपयांचं डोंगल त्यापुढे फिकं वाटलं. आवाज भरदार, गायिकेचा श्वास जवळ आलेला. त्याच आठवड्यात मी त्या मुलाशी बोललो.

धाकट्या बहिणीने विचारलं, "न बघता ओळखशील का रे?" मी हसलो. मग ठरलं: ती पडद्यामागे दर वेळी नाणं उडवणार, छापा तर माझा डॅक, काटा तर डोंगल, आणि मी सांगायचं कुठला ते. पण त्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करणं भाग होतं. मोजलं तर डोंगल एक व्होल्ट देत होतं, माझा डॅक १.१२. फरक जवळपास एक डेसिबलचा. एवढ्या फरकाला कान "मोठा" म्हणत नाही, "भरदार" म्हणतो. चार महिन्यांच्या कष्टांचं फळ म्हणून मी ज्याचं कौतुक करत होतो, त्यातलं बरंचसं नुसतं जास्त व्होल्टेज होतं.

आवाज सारखा करून सोळा वेळा ऐकलं. नऊ बरोबर आले. नुसत्या अंदाजाने आठ येतात. निदान बारा आले असते तर काही दावा करता आला असता, कारण नाणेफेकीने बारा किंवा जास्त येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. बहिणीने कागद माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

आपल्याकडे यासाठी म्हण आहेच: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ती आपण पक्षपाताबद्दल वापरतो. पण बाब्याची आई खोटं बोलत नसते, तिला तो तसाच दिसतो. अडचण तिच्या प्रेमात नाही. त्या प्रेमाची साक्ष काढून शेजाऱ्याला "माझ्या बाब्याला नोकरीवर ठेवा" म्हणताना सुरू होते. मला फरक जाणवत होता, तिथवर मी प्रामाणिक होतो. "हा चांगला आहे" हे वाक्य मात्र दुसऱ्याच्या खिशापर्यंत जातं. तपासता येत असूनही न तपासता ते ठामपणे बोलणं, याला खोटं म्हणायचं नसेल तर निदान निष्काळजीपणा म्हणावं लागेल. आणि त्याची किंमत समोरचा मोजणार असेल, तर दोन्हींत मला फारसं अंतर दिसत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग कानाला काही किंमतच नाही का? आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडी घासत, तारेखालचं सूत सरकवत शेवटचा निकाल कानानेच देतो. तिथे कान चुकत नाही, कारण तो कान म्हणेल तोच चांगला आवाज. तंबोरा वाद्य आहे. डॅक पोस्टमन आहे. पत्र जसं आलं तसं पोचवणं एवढंच त्याचं काम, आणि पत्र बदललं का हे मोजता येतं. बनवणाऱ्याची इच्छा मात्र उलटी असते: माझा हात कुठेतरी दिसावा, ऐकू यावा. चांगल्या डॅकमध्ये तो ऐकू येता कामा नये. मी वाद्य बनवल्याचा अभिमान पोस्टमनच्या पिशवीत कोंबत होतो.

त्या मुलाला घरी बोलावलं आणि कागद दाखवला. म्हणालो, "सहा हजार असतील तर चांगला हेडफोन घे. विजेचा आवाज होतो तिथे खरा फरक पडतो, तो तुलाही न बघता ओळखता येईल." त्याने कागदावरच्या खुणा मोजल्या आणि विचारलं, "दादा, मग तुम्ही कुठल्यावर ऐकता?"

"माझ्याच."

"का?"

मी जरा वेळ घेतला. म्हटलं, "मला त्यातला प्रत्येक रेझिस्टर माहीत आहे म्हणून." त्याने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. हेडफोन त्याने घेतला, डॅक माझ्याकडेच राहिला. मी रोज रात्री तो लावतो, तंबोरा सुरू होतो आणि अजूनही क्षणभर वाटतं की हा डोंगलपेक्षा उघडा आहे. मग नऊचा आकडा आठवतो. ऐकणं त्यामुळे थांबत नाही, पण दुसऱ्या कुणाला ते वाक्य पुन्हा सांगितलेलं नाही.