हजार रुपयांचे म्हातारपण

निवृत्तिवेतन ही बचतीची परतफेड आहे की समाजाने दिलेला शब्द? याचा उलगडा झाल्याशिवाय सुधारणेचा भार कोणी वाहावा, हे सांगता येणार नाही.

खासगी कारखान्यांतील कामगारांसाठी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली. मालकाच्या हिश्श्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के आणि सरकारकडून १.१६ टक्के रक्कम एका सामाईक निधीत जमते. परंतु ठरावीक मर्यादेपर्यंतच्या वेतनावरच. २००१ पासून २०१४ पर्यंत ही मर्यादा ६,५०० रुपयांवर खिळून राहिली. महागाई मात्र कोणासाठी थांबली नाही. १९९८ साली कामाला लागून २०१३ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या, मर्यादेपुरतीच वर्गणी जमा झालेल्या कामगाराच्या हाती महिन्याला सुमारे १,३९० रुपये पडले. त्यावर महागाई भत्ता नाही. २०१४ साली किमान रक्कम १,००० रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षे उलटली तरी तो आकडा हलला नाही.

हिशेबनीस म्हणतात, भरले तेवढेच मिळाले. निधी सामाईक असल्याने वृद्धाला त्यातून वाढवून दिले, तर ते आजच्या तरुण कामगाराच्या ताटातून जाते. हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. मर्यादा कामगाराने ठरवली नव्हती. ती सरकारने ठरवली होती. त्याच सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून खुल्या केलेल्या एकत्रित निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपयांची हमी दिली. तेथे कर्मचारी स्वतः १० टक्के व सरकार १८.५ टक्के भरते, हे मान्य. तरी दहापटीची ही दरी केवळ वर्गणीने पडलेली नाही.

म्हणून किमान रकमेतील वाढ सरकारी तिजोरीतूनच यावी, असे मला वाटते. मात्र ती तिजोरी कोणाची? टोपली घेऊन बाजाराला जाणारी भाजीवालीही साबणाच्या वडीवर कर भरते, आणि तिला स्वतःला या योजनेतून एक पैसाही मिळायचा नाही. तिच्या पैशावर पहिला हक्क हजार रुपयेवाल्याचा. पूर्ण वेतनावर निवृत्तिवेतन मागणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर त्यांना वर्गणीतील फरक आपल्या भविष्य निर्वाह निधीतून भरावा लागला, आणि तेच रास्त होते.