आडनावावरचा हक्क

इंदूरकर मंडळी भेटली आणि गाण्याचा विषय निघाला की, ‘लताबाई आमच्या गावच्या’ हे वाक्य ठरलेले असते. ते खरेही आहे. २८ सप्टेंबर १९२९ रोजी लताबाईंचा जन्म इंदुरात झाला, आणि मध्य प्रदेश शासनाने १९८४ साली त्यांच्या नावाने सुरू केलेला पुरस्कार त्याच नगरीत देण्याचा प्रघात पडला. यावर आम्ही देवस्थानची माणसे किंचित हसून म्हणतो, “जन्म तुमच्याकडचा असेल, पण आडनाव आमच्या देवाचे!” हे उत्तर आम्ही कितीदा तरी दिले आहे. अलीकडे मात्र ते देताना जीभ अडखळते.

हे आडनाव घेतले ते लताबाईंच्या वडिलांनी, मास्टर दीनानाथांनी. त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी मंगेशीस झाला. वडील गणेशभट्ट श्रीमंगेशाचे पुजारी; आई येसूबाई देवळाच्या सेवेत गाणाऱ्या कलावंत परंपरेतल्या. सेवा एकाच देवाची, परंतु त्या काळची रूढी अशी की, अशा मुलाला आईचे घर मिळे, पित्याचे कुळ मिळत नसे. दीनानाथांनी मग गावाचे, म्हणजे देवाचेच, नाव लावले. देवाने हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

पोरवयातच ते किर्लोस्कर मंडळीत गेले, आणि १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. पुढे वझेबुवांचा गंडा बांधला. त्यांची तान चपळ आणि बेडर. ‘रणदुंदुभी’, ‘संन्यस्त खड्ग’ यांसारख्या नाटकांना हा तेजस्वी गळा शोभून दिसला. तरी गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तली लतिकाही त्यांचीच, आणि तिच्याच नावावरून घरातली हेमा लता झाली. पुढे बोलपट आला, नाटकमंडळ्यांना उतरती कळा लागली. बळवंत मंडळीनेही १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढून पाहिला. तो मानवला नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले, तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते आणि थोरल्या मुलीला तेरावे वर्ष चालू होते.

या साऱ्या वाटचालीत आमचा वाटा कोणता? कोणी म्हणेल, चांगल्या गाण्याचा अभिमान वाटायला हक्क कशाला हवा? गाणे ऐकून आनंद व्हायला नको, हे आम्हांसही मान्य. परंतु इंदूरकर जेव्हा ‘आमच्या’ म्हणतात तेव्हा त्यांचा दावा केवळ योगायोगाचा असतो, आणि तसा तो असल्याचे तेही जाणतात. आमचा दावा नात्याचा आहे. नात्यात देणेघेणे येते, आणि आम्ही तर आडनाव गाजल्यावरच नाते ओळखले.

१५६० च्या सुमारास फिरंग्यांच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास आणले. नदी ओलांडून, जिवावर उदार होऊन आणले, ही कथा आम्ही मुलांना भक्तिभावाने सांगतो आणि सांगावीच. जे आपले मानले ते खांद्यावर घ्यावे लागते, हे त्या माणसांना कळले होते. त्याच देवापुढे पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या बायकांना मात्र आम्ही मंडपापर्यंतच येऊ दिले. स्वर देवाला चालला, लेकरू पंगतीला चालले नाही. आमच्या पिढीने हे केले नाही, असे म्हणून सुटता येईल काय? अभिमान वारसाहक्काने घ्यायचा आणि उणे तेवढे आजोबांच्या खाती टाकायचे, हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही.

त्या मंडपात गायिलेल्या किती जणींची नावे आज आमच्यापैकी कोणास सांगता येतील? येसूबाईंचे ठाऊक आहे, तेही मुलामुळे आणि नातीमुळे. पुढच्या खेपेस इंदूरकर मित्र भेटले की, आडनावाचे ते जुने उत्तर न देता आधी येसूबाईंचे नाव घ्यावे, असे आम्ही ठरविले आहे.